एकच पुस्तक, दोन यंत्रं

सकाळी ९:३०. औरंगपुऱ्यातलं ऑफिस उघडलं. मराठवाडा मुक्तिसंग्रामातल्या एका कार्यकर्त्याच्या आठवणींचं ई-बुक करायचंय. मजकूर पेजमेकरमध्ये, श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये. फॉन्ट बदलला की पडद्यावर भलत्याच चिन्हांची खिचडी दिसते. युनिकोडमध्ये आणल्याशिवाय पुढचं काहीच नाही.

११:००. कन्व्हर्टर चालवला. आता प्रूफ. शेजारचा पोरगा ओरडला, "सर, इकडं रफार पुढच्या अक्षरावर गेलाय." नेहमीचंच.

१:००. ईपब, म्हणजे ई-बुकची फाइल, तयार. एक प्रत किंडलला पाठवली. २०२२ पासून तिथं ईपब थेट पाठवता येतो, तो किंडलच्या कंपनीच्या सर्व्हरवर बदलून मग यंत्रात उतरतो. दुसरी केबलने कोबो या दुसऱ्या वाचनयंत्रावर टाकली. त्यात केओरीडर हे मोफत सॉफ्टवेअर बसवलंय. ते फाइल आहे तशी उघडतं, त्यामुळे दोष कुणाचा, फाइलचा की यंत्राचा, हे लवकर कळतं.

१:३०. डबा बाजूला ठेवून केओरीडरवर 'दुसऱ्या' शोधला. पानावर दिसणारे निम्मे सापडलेच नाहीत. 'ऱ्य' दोन प्रकारे टाइप होतो: साधा र, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह घेऊन, किंवा नुक्त्याचा ऱ आणि हलन्त घेऊन. डोळ्याला फरक नाही, पण साधा शोध अक्षरांचे संकेतांक जुळवतो. फाइलभर एकच पद्धत केली.

३:००. फॉन्ट. किंडलवर २०१८ पासून स्वतःचा फॉन्ट टाकता येतो, केओरीडरवरही. मराठी वळणाचे ल आणि श हवे असतील तर फॉन्टमध्ये ती रूपं हवीत आणि फाइलवर भाषा मराठी अशी खूण हवी. नाहीतर हिंदी वळणाचा ल येतो आणि लेखकाचा फोन येतो. समास, ओळींतलं अंतर, शब्दांमधली जागा या बारीकसारीक गोष्टींत केओरीडर इतकं करू देतं, की नवखा माणूस मेनूतच हरवतो. किंडलचे पर्याय मोजके, पण आजोबांच्या हातात द्यायला तेच बरं.

४:३०. विद्यापीठातली एक संशोधक जुन्या पुस्तकाची स्कॅन केलेली पीडीएफ घेऊन आली. केओरीडरने समास कापले आणि पानाचं चित्र शब्द-शब्द सोडवून छोट्या पडद्यावर नव्याने मांडलं. हे काम शब्दांमधल्या मोकळ्या जागा पाहून होतं. शिरोरेघ शब्दाला धरून ठेवते, ही आपली सोय. किंडलवर त्याच पानाला मोठं करा, सरकवा, परत सरकवा.

शब्दकोशाचा प्रश्न मात्र यंत्राचा नाही. केओरीडर स्टारडिक्ट पद्धतीचे कोश घेतं, म्हणजे तशा रूपात मिळाला तर १८५७ च्या आवृत्तीचा मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोशही चालेल. पण 'वाड्यासमोरच्या'वर बोट ठेवलं तर कुठला कोश 'वाडा' दाखवणार? प्रत्यय हातानेच खोडावे लागतात.

६:३०. शाळेतून निवृत्त झालेले एक सर डोकावले. "मग मी कुठलं घेऊ?"

"विकत घेऊन वाचणार असाल तर किंडल घ्या, सर. डिसेंबर २०१६ पासून तिथं मराठी पुस्तकं आहेत, आणि फोनवर सोडलेलं पान यंत्रावर उघडतं. पण घेतलेलं पुस्तक वेबसाइटवरून कॉम्प्युटरवर उतरवून ठेवायची जुनी सोय फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाली, हेही सांगतो."

"आणि माझ्या त्या सगळ्या पीडीएफ?"

"त्या घेऊन उद्या या. दोन्हींवर उघडून बघू."