जुनी गाडी सेल्फ घेत नाही? नवी बॅटरी आणण्याआधी हे तपासा

पहाटे दौंड जंक्शनला रेल्वे पकडायची असते, शिरूरहून निघायला आधीच उशीर झालेला असतो आणि चावी फिरवल्यावर बोनेटखालून नुसतं 'टक' ऐकू येतं. अंगणात जमलेल्या चौघांपैकी तिघं छातीठोकपणे सांगतात, "बॅटरी गेली." दुपारपर्यंत नवी बॅटरी बसते, चार-पाच हजार रुपये जातात आणि पंधरा दिवसांनी पुन्हा तेच 'टक'.

असं होतं कारण बॅटरी हा साखळीतला फक्त एक दुवा असतो. शिरूर-दौंड पट्ट्यात मारुती ८००, ओम्नी, सुमो, इंडिका, जुनी बोलेरो अशा गाड्या आजही रोजच्या कामाला आहेत. मारुती ८०० पहिल्यांदा डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आली आणि २०१४ च्या सुरुवातीला तिचं उत्पादन थांबलं. म्हणजे तिच्यातली सगळ्यात 'नवी' गाडीसुद्धा आता दहा वर्षांच्या पुढे गेली आहे. एवढ्या वयात इंजिन धडधाकट असू शकतं, पण वायरी आणि त्यांचे जोड म्हातारे झालेले असतात.

हॉर्न वाजतो, लाइट लागतो, मग सेल्फ का नाही?

हा प्रश्न सगळ्यांना पडतो आणि खरं उत्तर इथेच आहे. पार्किंगचा ५ वॅटचा बल्ब साधारण ०.४ अँपिअर करंट घेतो. लहान पेट्रोल गाडीचा सेल्फ इंजिन फिरवताना १०० अँपिअरच्या आसपास घेतो, डिझेल गाडीचा त्याहून बराच जास्त.

आता समजा, टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी साचून ०.०३ ओहम इतका अडथळा तयार झाला. बल्बच्या करंटला त्याने काही फरक पडत नाही, व्होल्टचा शंभरावा भाग वाया जातो. पण १०० अँपिअर त्याच जोडातून जायला लागले की तिथेच ३ व्होल्ट खर्च होतात. १२ व्होल्टच्या गाडीत तेवढे गेले तर सेल्फ हलणार कसा? अर्धवट तुंबलेल्या पाइपातून हंडा भरतो, पण उसाला पाणी पोचत नाही, तसंच हे. म्हणून 'हॉर्न वाजतोय म्हणजे वायरिंग चांगलं आहे' हा निष्कर्ष चुकीचा ठरतो.

आवाज नीट ऐका

चावी फिरवल्यावर 'टिकटिकटिक' असा भराभर आवाज आला, तर व्होल्टेज कमी पडतंय. सेल्फवरचा सोलेनॉइड ओढला जातो, लोड येताच व्होल्टेज कोसळतं, तो सुटतो, पुन्हा ओढला जातो. बॅटरी उतरलेली असेल किंवा टर्मिनल खराब असेल.

एकच जोरदार 'टक' आला तर हेडलाइट लावून पुन्हा चावी फिरवा. लाइट एकदम मंद झाला तर बॅटरी, टर्मिनल किंवा जाम झालेला सेल्फ यांवर संशय घ्या. लाइट जसाच्या तसा राहिला तर करंट सेल्फच्या मोटरपर्यंत जातच नाहीये. सोलेनॉइडचे आतले कॉन्टॅक्ट किंवा कार्बन ब्रश झिजलेले असू शकतात. गाडी न्यूट्रलमध्ये आणि हँडब्रेक लावून, सेल्फच्या अंगावर पान्याच्या दांड्याने हलकी टपली मारली की अशी गाडी कधी कधी लगेच सुरू होते. हा इलाज एक-दोनदाच चालतो, नंतर सेल्फ खोलावाच लागतो.

काहीच आवाज नाही, पण डॅशबोर्डचे दिवे लागतात? मग चावीच्या स्विचपासून सोलेनॉइडकडे जाणारी बारीक वायर पाहा. तिचा जोड निसटलेला असतो किंवा स्विचच झिजलेला असतो. दिवेही लागत नसतील तर टर्मिनल आणि मेन फ्यूज.

आणि सेल्फ जोमात फिरतोय, इंजिन मात्र पकडत नाही, अशी तऱ्हा असेल तर बॅटरी विकत घेण्याचा विचारही करू नका. पेट्रोल गाडीत स्पार्क येतोय का ते बघा. जुन्या कार्बोरेटरवाल्या गाडीत पॉइंट आणि कॉइल, नंतरच्या गाडीत पेट्रोल पंपाचा फ्यूज आणि रिले. डिझेल गाडीत थंडीच्या सकाळी हीटर प्लग आणि पंपावरचा डिझेल सोडणारा सोलेनॉइड.

सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट: अर्थ

गाडीत प्रत्येक दिव्याला परतीची वेगळी वायर नसते. बॅटरीच्या मायनसपासून एक जाड पट्टी बॉडीला आणि एक इंजिनला जोडलेली असते, सगळा करंट तिथूनच परत येतो. ही पट्टी खाली, चिखलात आणि धुलाईच्या पाण्यात असते. बाहेरून ठीक दिसते, बोल्टखाली गंज असतो. इंजिन उतरवून परत बसवताना ती नीट आवळली नाही, हेही अनेकदा घडतं.

तपासायचं कसं? साध्या मल्टिमीटरची एक सळई बॅटरीच्या मायनस खांबावर, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर ठेवा आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. आकडा ०.२ ते ०.३ व्होल्टच्या वर गेला तर अर्थ खराब. मीटर नसेल तर जंप केबलची काळी वायर बॅटरीच्या मायनसपासून थेट इंजिनच्या धातूला लावा. एवढ्याने सेल्फ फिरला तर रोग सापडला. बोल्ट काढून खालचा धातू पॉलिश पेपरने चकाकेपर्यंत घासायचा, एवढंच काम. पॉझिटिव्ह खांब ते सेल्फ असाच प्रयोग केला तर अर्धा व्होल्ट ही ढोबळ मर्यादा धरतात.

टर्मिनल साफ करताना आधी मायनस काढायचा, बसवताना मायनस शेवटी. उलट केलं आणि पाना बॉडीला टेकला तर जोरदार ठिणगी उडते. बुरशीवर गरम पाण्यात कालवलेला खाण्याचा सोडा ओता, तो बॅटरीच्या झाकणांतून आत जाऊ देऊ नका. घासून, सुकवून, घट्ट आवळून वरून व्हॅसलीन लावा. आणि बॅटरीत डिस्टिल्ड वॉटरच घाला, आपल्या बोअरचं क्षाराचं पाणी तिचं आयुष्य खातं.

बॅटरी उतरली, पण का?

रात्रभर उभी राहिलेल्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवत असेल तर ती भरलेली आहे. १२.२ म्हणजे अर्धीच, १२ च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी. इंजिन चालू असताना आकडा साधारण १३.८ ते १४.५ हवा. तेवढा येत नसेल तर डायनामो (खरं तर आल्टरनेटर, पण गॅरेजमध्ये सगळे डायनामोच म्हणतात) किंवा त्याचा पट्टा बघा.

एक जुनी सवय मात्र सोडा. इंजिन चालू ठेवून टर्मिनल काढायचं आणि गाडी बंद पडते का ते बघायचं, ही खऱ्या डायनामोच्या काळातली परीक्षा होती. आल्टरनेटरच्या गाडीत त्याने व्होल्टेज अचानक उसळतं आणि डायोड किंवा इंजिनचा कॉम्प्युटर जळू शकतो.

डायनामो ठीक, बॅटरी नवी, तरी दोन दिवस उभी ठेवली की गाडी मेलेली? मग बंद गाडीतही कुठेतरी करंट जातोय. मायनसची वायर काढून मल्टिमीटर अँपिअरवर मध्ये जोडा. ५० मिलिअँपिअरपर्यंत चालतं. अर्धा अँपिअर जात असेल तर दिवसाला १२ अँपिअर-अवर जातात आणि ३५ अँपिअर-अवरची लहान बॅटरी तीन दिवसांत रिकामी होते. एकेक फ्यूज काढत जा, ज्यावर आकडा पडेल ती लाइन दोषी. मीटर असा जोडलेला असताना चुकूनही सेल्फ मारू नका. बहुतेक वेळा चोर म्हणजे नंतर बसवलेली टेप, ॲम्प्लिफायर किंवा थेट बॅटरीवरून घेतलेले जादाचे लाइट. फ्यूज सारखा जातो म्हणून तिथे जाड तार गुंडाळलेली दिसली तर ती आधी काढा, गाडीला आग लागण्याचा तो सोपा रस्ता आहे.

ऊसतोडीच्या दिवसांत आणखी एक आरोपी असतो. फड मोकळे झाले की उंदीर आसरा शोधतात आणि नुकत्याच उभ्या केलेल्या गाडीचं बोनेट उबदार असतं. कुरतडलेली बारीक वायर सहज दिसत नाही, टॉर्च घेऊन इंजिनमागची वायरिंगची जुडी पाहावी लागते.

ट्रॅक्टर चालतो, ट्रक नाही

न्हावरे-पारगाव रस्त्यावर गाडी बंद पडली तर मदतीला बहुधा उसाचा ट्रॅक्टर किंवा ट्रक थांबेल. ट्रॅक्टरची बॅटरी १२ व्होल्टची, ती चालते. मोठ्या ट्रकमध्ये बहुतेक वेळा दोन बॅटऱ्या जोडून २४ व्होल्ट केलेले असतात. तिथून केबल लावली तर तुमच्या गाडीचे बल्बच नव्हे, बरंच काही जाईल. आधी विचारा.

लाल केबल आधी तुमच्या प्लसला, मग ट्रॅक्टरच्या प्लसला. काळी ट्रॅक्टरच्या मायनसला आणि तिचं शेवटचं टोक तुमच्या इंजिनच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो आणि शेवटचा जोड लावताना ठिणगी उडतेच. म्हणून जवळ बिडीही नको.

धक्का मारून गाडी सुरू होते, पण बॅटरीत थोडा जीव असेल तरच. पूर्ण मेलेल्या बॅटरीवर पेट्रोल पंप आणि स्पार्क चालत नाहीत, चार माणसं नुसती दमतात.

हे सगळं करूनही संशय बॅटरीवरच राहिला तर दुकानात लोड टेस्ट मागा. आधी ती पूर्ण चार्ज करायला सांगा, कारण उतरलेली बॅटरी या परीक्षेत नापासच होते. लोड दिल्यावर १५ सेकंद ती ९.६ व्होल्टच्या वर टिकली नाही, तर ती खरंच गेली आहे. वॉरंटी कार्ड सोबत न्या. मुदत शिल्लक असेल तर नव्या बॅटरीचे पैसे काढण्याआधी तेच पुढे करा.