चार स्क्रूंची गिटार

जुनी फेंडर स्ट्रॅटोकास्टर पालथी घातली की मानेच्या बुडाशी एक लहानशी चौकोनी पत्र्याची पट्टी दिसते आणि तिच्यात चार स्क्रू. ते काढले की गिटारचे दोन तुकडे हातात येतात: मेपलची नेक आणि अल्डरची किंवा अ‍ॅशची बॉडी. सरस नाही, कुसू नाही. नेकच्या बुडावर अनेकदा पेन्सिलीने लिहिलेली तारीख सापडते. बॉडीच्या खाचेतही सापडते. या दोन तारखांत काही आठवड्यांचं, कधी काही महिन्यांचंही अंतर असतं. म्हणजे कारखान्यातून अस्सल म्हणून बाहेर पडलेली गिटारसुद्धा एका ढिगातली नेक आणि दुसऱ्या ढिगातली बॉडी उचलून जुळवलेली असायची.

तेच काम घरी कुणी केलं, एका कंपनीची नेक, दुसरीची बॉडी, तिसरीचे पिकअप आणून गिटार उभी केली, की तिला 'पार्ट्सकास्टर' म्हणतात आणि विकायला काढली की तिचा भाव पडतो. बाजाराचा हिशेब मी समजू शकतो. पण त्या हिशेबामागे ही गिटार कमअस्सल आहे अशी जी समजूत आहे, ती मला मुळीच मान्य नाही. गेल्या ऐंशी वर्षांत या वाद्यात जे मोठे बदल झाले त्यांतले कितीतरी वाजवणाऱ्यांनी स्वतः स्क्रूड्रायव्हर आणि कानस हातात घेऊन केले आहेत, आणि कारखाने त्यांच्या मागून आले आहेत.

लेस पॉलपासूनच बघा. १९४१च्या सुमारास न्यूयॉर्कमधल्या एपिफोनच्या कारखान्यात, रविवारी काम बंद असताना, त्याने पाइनच्या चार इंची चौकोनी ओंडक्यावर नेक बसवली, घरगुती पिकअप लावले आणि लोकांना गिटारसारखं काही दिसावं म्हणून दुसऱ्या एका गिटारची बॉडी उभी चिरून तिचे दोन पंख बाजूंना चिकटवले. पोकळ गिटारचा आवाज वाढवला की ती शीळ घालू लागे. भरीव लाकडात तो त्रास बराच कमी होतो, हे त्याला दाखवायचं होतं. गिब्सन कंपनीने तेव्हा त्याला परत पाठवलं. त्याच्या नावाची भरीव गिटार त्याच कंपनीने १९५२ मध्ये बाजारात आणली. दरम्यान कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनमध्ये रेडिओदुरुस्तीचं दुकान चालवणारा लिओ फेंडर पुढे निघून गेला होता.

लिओला गिटार वाजवता येत नव्हती. मला हे त्याच्या कामगिरीतलं सर्वांत महत्त्वाचं कलम वाटतं. रेडिओ दुरुस्त करणाऱ्या माणसाला खराब झालेला भाग काढून नवा घालायची सवय असते; वाद्य घडवणाऱ्याला ती नसते. १९५० मध्ये त्याने जी गिटार काढली (आधी एस्क्वायर, मग ब्रॉडकास्टर, आणि ग्रेच कंपनीने नावाला हरकत घेतल्यावर १९५१ पासून टेलिकास्टर) तिची बॉडी सपाट फळीतून कापलेली होती आणि नेक स्क्रूने बसवलेली. नेक वाकली, फ्रेट झिजले तर दुसरी लावा. १९५४ मध्ये आलेल्या स्ट्रॅटोकास्टरमध्ये तर सगळी वायरिंग एका प्लास्टिकच्या पट्टीवर जोडलेली होती. पट्टी उचलली की पिकअप, पॉट, स्विच सगळं एकत्र वर येतं. हे सारं दुरुस्तीच्या आणि कारखान्याच्या सोयीसाठी होतं. पण जे भाग बदलता येतात ते माणूस बदलणारच.

पहिला धडा एका स्विचने दिला. स्ट्रॅटोकास्टरला तीन पिकअप आणि तीन जागांचा स्विच. वादकांच्या लक्षात आलं, की दांडी दोन जागांच्या अधेमधे अडकवली तर दोन पिकअप एकत्र वाजतात आणि एक वेगळाच, पोकळ, किंचित अनुनासिक स्वर निघतो. कुणी तिथे काडी अडकवली, कुणी स्प्रिंग सैल केली. फेंडरने पाच जागांचा स्विच कारखान्यातून द्यायला १९७७ उजाडलं.

इंग्लंडमध्ये, लंडनच्या पश्चिमेला फेल्टम इथे ब्रायन मे नावाच्या शाळकरी मुलाने आणि इलेक्ट्रॉनिक्सचं काम जाणणाऱ्या त्याच्या वडिलांनी १९६३ मध्ये एक गिटार करायला घेतली, कारण विकतची परवडत नव्हती. नेकसाठी जुन्या शेकोटीच्या चौकटीचं महोगनी, ट्रेमोलोसाठी मोटरसायकलच्या व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा, दांडीच्या टोकाला आईची विणकामाची सुई, नेकवरच्या ठिपक्यांसाठी तिच्याच शिवणाच्या डब्यातली शिंपल्याची बटणं. पिकअपही घरीच केले होते, ते मनासारखे झाले नाहीत म्हणून पुढे बर्न्स कंपनीचे आणले. 'रेड स्पेशल' नावाची ही गिटार मेच्या 'क्वीन' या बँडच्या जवळजवळ साऱ्या ध्वनिमुद्रणांत आहे, आणि २००२ मध्ये बकिंगहॅम राजवाड्याच्या गच्चीवरही तीच वाजली.

पण जोडकामाची खरी लाट आली ती १९७०च्या दशकात. जानेवारी १९६५ मध्ये सीबीएसने फेंडर कंपनी १ कोटी ३० लाख डॉलरला विकत घेतली होती. पुढच्या काही वर्षांत उत्पादन वाढलं आणि काम ढिलं झालं. नेकच्या खाचा सैल येऊ लागल्या, चारऐवजी तीन स्क्रू आले. वादक जुन्या गिटारींच्या मागे लागले. एरिक क्लॅप्टनने १९७० मध्ये नॅशव्हिलच्या शो-बड दुकानातून सहा जुन्या स्ट्रॅटोकास्टर उचलल्या. तीन दिल्या जॉर्ज हॅरिसन, पीट टाउनशेंड आणि स्टीव्ह विनवूडला, आणि उरलेल्या तिघींतलं उत्तम ते निवडून एक गिटार केली. हीच 'ब्लॅकी'. २००४ मध्ये क्रिस्टीजच्या लिलावात ती ९,५९,५०० डॉलरना गेली. डेव्हिड गिल्मोरने १९७० मध्येच न्यूयॉर्कला घेतलेल्या काळ्या स्ट्रॅटोकास्टरची नेक अनेकदा बदलली, पिकअप बदलले, मध्ये एक वेगळाच ट्रेमोलो बसवून काढून टाकला. १९७० मध्ये दुकानातून आलेली गिटार आणि २०१९ मध्ये ३९ लाख ७५ हजार डॉलरना विकली गेलेली गिटार यांत सारखं किती उरलं होतं हे मोजायला बसलं तर फारसं हाती लागत नाही. तरीही ती एकच गिटार आहे याबद्दल कुणाला शंका आली नाही.

याच काळात सुट्या भागांचा धंदा उभा राहिला. लॅरी डिमार्झिओचा 'सुपर डिस्टॉर्शन' पिकअप १९७२ मध्ये आला. सेमूर डंकनने जेफ बेकसाठी टेलिकास्टरमध्ये गिब्सनचे हंबकर, म्हणजे दोन गुंडाळ्यांचे पिकअप, बसवून एक गिटार केली होती. १९७६ मध्ये त्याने स्वतःची पिकअप कंपनी काढली. त्याच वर्षी कॅलिफोर्नियात शेक्टर सुरू झाली, तीही आधी दुरुस्ती आणि सुटे भाग विकणारी. वेन शारव्हेल, लिन एल्सवर्थचं 'बूगी बॉडीज', पुढे वॉशिंग्टन राज्यातलं वॉरमथ यांच्याकडून कोरी बॉडी आणि कोरी नेक मिळू लागली. कायदाही या जोडकऱ्यांच्या पथ्यावर पडला: हेडस्टॉकचा आकार फेंडरच्या मालकीचा, त्यासाठी परवाना लागतो, बॉडीच्या आकारावर हक्क सांगायचा फेंडरचा अर्ज मात्र अमेरिकेत २००९ मध्ये फेटाळला गेला.

या साऱ्यात एक गिटार अशी आहे, की तिच्यापाशी थांबावंच लागतं. एडी व्हॅन हेलनला गिब्सनचा भरघोस आवाज हवा होता आणि फेंडरचा ट्रेमोलो. दोन्ही एकत्र देणारी गिटार दुकानात नव्हती. त्याने ५० डॉलरला कारखान्यात नाकारलेली अ‍ॅशची बॉडी घेतली, ८० डॉलरला नेक. गिब्सनच्या ईएस-३३५ मधला हंबकर काढला आणि ब्रिजजवळ छिन्नीने खड्डा करून त्यात बसवला. इथे एक अडचण होती. गिब्सनच्या पिकअपचे खांब फेंडरच्या तारांपेक्षा जवळजवळ असतात. सरळ बसवला तर कडेच्या तारा खांबांवर येत नाहीत. म्हणून त्याने पिकअप तिरका केला. त्या गिटारच्या छायाचित्रात तो तिरकेपणा आजही डोळ्यांत भरतो. मोठ्या आवाजात पिकअप किंचाळू नये म्हणून तो वितळलेल्या मेणात बुडवला, म्हणजे गुंडाळीतली तार हलायला जागा उरली नाही. वायरिंग एवढंच: पिकअपमधून थेट व्हॉल्यूमचा पॉट, तिथून बाहेर. त्या एकुलत्या पॉटला जी घुंडी लावली तिच्यावर 'टोन' लिहिलेलं होतं. रंग सायकलचा, पट्टे मास्किंग टेपचे. आधी काळ्यावर पांढरे, १९७९ मध्ये त्यावर लाल. पुढे फ्लॉइड रोजचा ट्रेमोलो बसवताना तो मागे कलू नये म्हणून त्याखाली १९७१ सालचं पाव डॉलरचं नाणं स्क्रूने ठोकलं.

१९७८ मध्ये त्याच्या 'व्हॅन हेलन' बँडचा पहिला अल्बम आला आणि दहा वर्षांच्या आत एक हंबकर, स्ट्रॅटसारखी बॉडी, कुलूपबंद ट्रेमोलो हा साचा शारव्हेल, जॅक्सन, क्रेमर, आयबानेझ या साऱ्यांनी उचलला. २००७ मध्ये तर मूळ गिटारवरच्या जळक्या डागांसकट, नाण्यासकट ३०० प्रती काढल्या गेल्या, २५,००० डॉलरला एक. एका गरजू पोराने १३० डॉलरच्या लाकडावर केलेलं काम कारखान्याने इतक्या निष्ठेने गिरवावं, यापेक्षा मोठी पावती कुठल्याही जोडकऱ्याला मिळालेली नाही.

आता प्रत्यक्ष कामाकडे येऊ. भाग सुटे मिळतात म्हणून ते आपोआप एकमेकांत बसतात असं नाही, आणि खरी मजा तिथेच आहे. सगळ्यात आधी स्केल. फेंडरची तार नटपासून ब्रिजपर्यंत ६४८ मिमी, गिब्सनची साधारण ६२८. फ्रेटच्या जागा या लांबीवरच बेतलेल्या असतात: लांबीला १७.८१७ने भागलं की पहिल्या फ्रेटचं अंतर मिळतं, उरलेल्या लांबीला पुन्हा भागलं की दुसऱ्याचं, आणि बारावा बरोबर मध्यावर येतो. म्हणून कुठल्याही नेकवर नट ते बारावा फ्रेट हे अंतर मोजायचं आणि ब्रिज तेवढाच पुढे आहे का ते पाहायचं. नसेल तर पुढचं काही करून गिटार सुरात येणार नाही. दुसरी तारांमधली रुंदी. जुन्या पद्धतीच्या ब्रिजवर कडेच्या दोन तारांत ५६ मिमी अंतर असतं, नव्यावर ५२च्या आसपास. रुंद ब्रिज आणि अरुंद नेक एकत्र आली की बारीक ई तार बोटाखालून कडेवरून घसरते. तिसरं, इंच आणि मिलिमीटर. अमेरिकी पॉटची दांडी पाव इंची, आशियाई पॉटची बहुधा ६ मिमी; एकाची घुंडी दुसऱ्यावर बसत नाही.

पिकअप वेगवेगळ्या कंपन्यांचे असतील तर आणखी एक चाचणी सोल्डर करण्याआधीच करावी. काट्याचा मल्टिमीटर पिकअपच्या दोन वायरींना लावायचा आणि लोखंडी स्क्रूड्रायव्हर खांबांवर हलकेच टेकवायचा. काटा किंचित एका बाजूला झेपावतो. स्क्रूड्रायव्हर उचलला की दुसऱ्या बाजूला. दोन पिकअपांचे काटे एकाच दिशेला गेले तर ते एकत्र नीट वाजतील. उलट गेले तर दोघांचे आवाज एकमेकांना खातात आणि खर्ज नाहीसा होऊन पातळ, नाकातला आवाज उरतो. मग एकाच्या वायरींची अदलाबदल करायची. मधला पिकअप उलट्या गुंडाळीचा आणि उलट्या चुंबकाचा घेतला तर दुहेरी जागांवर विजेची घुरघुर कापली जाते. आपल्याकडे ती ५० हर्ट्झची, अमेरिकेत ६०ची.

अमुक कपॅसिटरने आवाजात जादू येते असं सांगणारे पुष्कळ भेटतात. माझं मत सरळ आहे: कपॅसिटरचं मूल्य महत्त्वाचं, त्याचं कूळ नाही. सिंगल कॉइलला २५० किलोओमचे पॉट, हंबकरला ५००चे, आणि ०.०२२ किंवा ०.०४७ मायक्रोफॅरॅडचा साधा कपॅसिटर. हे सगळं मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या गल्लीत आजही काउंटरवर मिळतं. खाचेच्या आतून लावायची तांब्याची चिकटपट्टीही.

लाकडाबाबत मात्र आपला या वाद्याशी जुना संबंध आहे. फेंडरने १९५८-५९ पासून नेकवर शिसवीची पट्टी लावायला सुरुवात केली, आधी ब्राझीलची, मग १९६०च्या दशकाच्या मध्यापासून भारतीय. ही आपल्या सह्याद्रीतही वाढणारी डालबर्जिया लॅटिफोलिया. ब्राझीलच्या शिसवीचा व्यापार १९९२ पासून साइट्स या वन्यजीव-व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराने बंद झाल्यावर तर जगभरच्या गिटारींचा भार हिच्यावर आला. जानेवारी २०१७ मध्ये शिसवीच्या साऱ्याच जाती नियंत्रणाखाली आल्या आणि एक गिटार सीमेपलीकडे पाठवायलाही कागदपत्रं लागू लागली. फेंडरने मेक्सिकोत बनणाऱ्या गिटारींवर पाउ फेरो लाकूड लावायला घेतलं. नोव्हेंबर २०१९ पासून तयार वाद्यांना सूट मिळाली. जंगलाच्या बाजूने पाहिलं तर ही कडक नजर हवीच होती, आणि भाजलेल्या मेपलवर किंवा पाउ फेरोवर वाजवणाऱ्याचं काही अडलेलं नाही.

अडतं ते हवेवर. परदेशातून मागवलेली नेक जुलैत मुंबईत किंवा कोकणात उघडली तर ती ओलावा पिते आणि तिचा बाक बदलतो. मे महिन्यात मराठवाड्यात तीच पट्टी आकसते आणि फ्रेटची टोकं कडेला बोटांना टोचतात. म्हणून नेक आल्या आल्या जोडायची घाई करू नये. काही दिवस घरच्या हवेत राहू द्यावी. मग खाचेत बसवून पाहावी. हाताने दाबून बसली आणि स्क्रू न लावता बॉडी उचलली तरी सुटली नाही, तर खाच उत्तम आहे. सैल असेल तर कडेला लाकडाची पातळ पाचर द्यावी, कागदाची नव्हे. तारा चढवून सुरात आणल्यावर, तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर दाबली असता सातव्या फ्रेटपाशी पाव मिलिमीटरची फट राहील एवढा ट्रस रॉड (नेकमधली बाक सांभाळणारी सळई) फिरवावा, एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त नाही.

पहिल्यांदा जोडणाऱ्याने पैसे कुठे घालावेत असं मला कुणी विचारलं तर मी नेक सांगतो. बोटं दिवसभर तिच्यावरच असतात. बॉडी स्वस्त चालते, पिकअप नंतर बदलता येतात. नेकनंतर नट. प्लास्टिकचा तयार नट काढून हाडाचा घ्यावा आणि प्रत्येक तारेच्या जाडीची कानस वापरून खाचा कराव्यात. खाच अरुंद राहिली तर सूर लावताना तार तिथे अडकते आणि टक्‌ असा आवाज करून पुढे सरकते. फार खोल गेली तर मोकळी तार पहिल्या फ्रेटवर घासते. म्हणून एक-दोन घाव कमीच घालावेत, तार बसवून पाहावी आणि मग पुन्हा कानस उचलावी.