उंदीर पडल्यानंतर

सातारा-सांगलीकडील जुन्या घरांत एके काळी आढ्यावरून उंदीर मरून पडला, की घरधनी भांडीकुंडी बांधावयास लागे. १८९६ साली मुंबईस प्रकट झालेला प्लेग लवकरच घाट चढून आला आणि सातारा जिल्ह्याने त्याचे तडाखे वर्षानुवर्षे सोसले. ‘उंदीर पडले’ म्हणजे गाव सोडून रानात झोपड्या घालण्याचा इशारा, एवढे लोक अनुभवाने शिकले. त्यामागील कारण मात्र फार उशिरा कळले.

सातारा जिल्ह्यातील नायगावच्या कन्या सावित्रीबाई फुले या पुण्यात प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करता करता त्याच रोगाने १० मार्च १८९७ रोजी निवर्तल्या. तोवर रोगजंतू सापडला होता. येर्सिन याने तो १८९४ साली हाँगकाँगमध्ये शोधला होता. पण उंदरापासून माणसापर्यंत तो येतो कोणत्या वाटेने? ती वाट पिसवेची, हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने १८९८ साली कराचीस प्रयोग करून दाखविले. विद्वानांनी मात्र कित्येक वर्षे त्याचे ऐकले नाही!

रोगी उंदराचे रक्त प्यालेल्या पिसवेच्या अन्नमार्गात जंतूंचा गोळा साचून वाट बुजते. भुकेने व्याकूळ होऊन ती पुनःपुन्हा चावते, आणि गिळता न आलेले रक्त जंतूंसह जखमेत ओकते. उंदीर मेला, त्याचे अंग निवाले, की ती नवा आश्रय धुंडाळते. दुसरा उंदीर न मिळाला तर माणूस. रानातील झोपडी तारक ठरे ती यामुळेच, कारण उंदीर आणि पिसवा मागे घरात राहत.

तेव्हा उंदीर आपोआप मरू लागले असता उरलेल्यांस विष घालण्याची घाई करणे हे उलटे काम होय. आधी बिळांत पिसवा मारणारी भुकटी टाकावी, उंदरांचा समाचार मागाहून घ्यावा. मेलेल्या उंदरास उघडा हात लावू नये. आरोग्य खात्यास वर्दी द्यावी.

हा रोग आता विरळा झाला आहे, आणि वेळीच औषध मिळाल्यास बराही होतो. तरी १९९४ साली बीड जिल्ह्यातील मामला गावी जांघेत गाठ येण्याचा तोच जुना प्रकार पुन्हा दिसला.

उंदरावरील पिसवेपासून होणारा आणखी एक ज्वर आहे, मूषक टायफस. येथे दंशापेक्षा तिची विष्ठा घातक. खाजविताना ती कातडीत शिरते. ताप, डोकेदुखी, क्वचित अंगावर पुरळ, एवढ्यावरून हिवताप वा डेंग्यूचा भ्रम सहज होतो. डॉक्सिसायक्लिन या औषधाने हा ज्वर हटतो. परंतु त्यासाठी घरात उंदीर आहेत हे डॉक्टरांस रोग्यानेच सांगावयास हवे, कारण या रोगाने उंदीर मरत नाहीत.