खाच आधी, चांदी नंतर!

मुलांनो, बिदरला गेलात तर किल्ला बघालच, पण बिदरी कारागिराच्या दुकानातही नक्की डोकवा. काळ्याभोर सुरईवर चांदीची वेल कशी लखलखत असते! जस्तात थोडं तांबं मिसळून तो रस साच्यात ओततात. निवलेली वस्तू घासून गुळगुळीत करतात. मग छिन्नीने नक्षीच्या खाचा कोरायच्या आणि त्यांत चांदीची तार ठोकून बसवायची. शेवटी किल्ल्यातली जुनी माती आणि नवसागर पाण्यात कालवून वस्तूला चोळतात. धातू काळा कुळकुळीत होतो, चांदी मात्र तशीच चमकत राहते!

सुरई असो, थाळी असो की डबी, कृती तीच. कारागिराला दोनच गोष्टी सांगायच्या: वस्तू कोणती आणि नक्षी कोणती.

कॉम्प्युटरलाही असंच सांगता येतं बरं का! विंडोजमध्ये ‘बॅच फाइल’ असते. बॅच फाइल म्हणजे एकाखाली एक हुकूम लिहिलेली चिठ्ठी. तिच्या नावाच्या शेवटी टिंब देऊन इंग्रजीत ‘बॅट’ लिहितात.

समजा, ‘बिदरी’ नावाची चिठ्ठी केली. तिच्यात एकच ओळ: एको, वस्तू, %१, नक्षी, %२. स्वल्पविरामांच्या जागी नुसती मोकळी जागा सोडायची आणि ‘एको’ हा शब्द व आकडे इंग्रजीत लिहायचे. ‘एको’ म्हणजे पडद्यावर दाखव. आता कमांड प्रॉम्प्टच्या काळ्या खिडकीत लिहा: बिदरी सुरई वेल. पडद्यावर येईल: वस्तू सुरई नक्षी वेल. मग लिहा: बिदरी थाळी तारा. लगेच थाळी आली, ताराही आला, आणि चिठ्ठीला आपण हातही लावला नाही! फाइलच्या नावापुढे लिहिलेल्या या शब्दांना म्हणतात ‘आर्ग्युमेंट’. पहिला शब्द %१ च्या जागी जातो, दुसरा %२ च्या.

क्रम मात्र सांभाळा. ‘बिदरी वेल सुरई’ लिहिलंत, तर कॉम्प्युटर मुकाट्याने वेलीला वस्तू म्हणेल आणि सुरईला नक्षी!

आणखी एक गंमत. बिदरीत ‘अशरफी की बूटी’ नावाची सुंदर नक्षी असते. ती तशीच लिहिली, तर कॉम्प्युटर ‘अशरफी’ एवढीच नक्षी धरतो. ‘की’ झाला तिसरा शब्द, ‘बूटी’ चौथा! मोकळी जागा दिसली की शब्द संपला, असं तो मानतो. म्हणून पूर्ण नाव दुहेरी अवतरणचिन्हांत ठेवायचं. मग तिन्ही शब्द हातात हात घालून एकाच जागी बसतात.

आणि %० काय दाखवतं, ठाऊक आहे? चिठ्ठीचं स्वतःचंच नाव!

चिठ्ठी लिहिताना आधी स्वतःला विचारा: दर वेळी बदलणार काय आहे? तिथे टक्क्याची खूण करून ठेवा. ती खूण म्हणजे कारागिराने कोरलेली खाच. तार कोणती बसवायची, ते तुम्ही ठरवा!