गाडीवरचा ओरखडा घरीच घालवायचाय? आधी नख फिरवून बघा!

गाडीवर ओरखडा दिसला की बरेच जण थेट टूथपेस्ट घासायला घेतात. मी मात्र आधी ती जागा धुऊन-पुसून त्यावर आडवं नख फिरवतो. पत्र्यावर प्रायमर, त्यावर रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट असतो. हा कोट साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे केसापेक्षाही पातळ!

नख अडकलं नाही, तर ओरखडा बहुधा याच कोटमध्ये आहे. गाडी सावलीत लावून मायक्रोफायबर कापडाने थोडं रबिंग कंपाउंड हलक्या हाताने घासा, मग वॅक्स लावा. पण कंपाउंड ओरखडा भरत नाही, आजूबाजूचा थर झिजवतं. टूथपेस्टही तेच करते. म्हणून सारखं सारखं घासू नका.

नख अडकलं, तर टच-अप पेन लागेल. रंगाचा कोड बऱ्याच गाड्यांत दाराच्या चौकटीवर किंवा बॉनेटखाली स्टिकरवर असतो.

पत्रा उघडा पडला असेल तर पावसाळ्याआधीच प्रायमर आणि रंग लावून घ्या. गंज रंगाखालून पसरतो आणि मग घरच्या घरी काही होत नाही. प्लॅस्टिकच्या बंपरला मात्र ही भीती नाही!