घरातील आई, मूल आणि कॅमेरा

छायाचित्र काढावयाचे ठरले की आपल्या घरात एक निराळीच धांदल उडते. मुलाचे तोंड खसखसून धुतले जाते, ठेवणीतला सदरा त्याच्या अंगावर चढतो, आई घाईघाईने लुगडे बदलून येते आणि दोघांनाही भिंतीशी उभे करून 'हसा' अशी आज्ञा होते. चित्र निघते, परंतु त्यातली मुद्रा घरच्या कोणाच्याच ओळखीची नसते.

या खोडीचे मूळ जुने आहे. १८३९ मध्ये ही कला जगापुढे आली, तेव्हा एका चित्रासाठी बराच वेळ निश्चल बसावे लागे. मोठ्यांच्या मानेला मागून आधार देत; चुळबुळे मूल कसे आवरावयाचे? युरोप-अमेरिकेत त्यावर चमत्कारिक तोड निघाली. आईला खुर्चीवर बसवून तिच्यावर कापड घालीत आणि मूल तिच्या मांडीवर देत. अशी चित्रे आजही पाहावयास मिळतात. मूल स्पष्ट दिसते, आई नाहीशी झालेली असते! पुढे यंत्रे वेगवान झाली, आज तर ती प्रत्येकाच्या खिशात आहेत. तरी 'हलू नका' ही आज्ञा काही सुटली नाही.

या संदर्भात त्र्यंबकेश्वरच्या एका सुपुत्राचे स्मरण होते. दादासाहेब फाळके यांचा जन्म तेथे ३० एप्रिल १८७० रोजी झाला. चित्रपटाकडे वळण्यापूर्वी त्यांनी गोध्रा येथे छायाचित्रणाचा व्यवसाय केला होता. १९१२ मध्ये त्यांनी घरीच एका रोपाची वाढ टिपली. कॅमेरा एके ठिकाणी ठेवून ते दिवसामागून दिवस थोडे थोडे चित्रण करीत राहिले. वाट पाहण्याचा हा धडा लहान मुलांचे चित्र घेणाऱ्यानेही गिरवावा. १९१९ च्या 'कालिया मर्दन' चित्रपटात त्यांची कन्या मंदाकिनी कृष्ण झाली. आरंभी ती कृष्णवेषाविना दिसते आणि तिच्या मुखावर नाना भाव उमटत जातात. तो अभिनय आहे हे खरे. पण त्या मुखावर यंत्राचे भय नाही. यंत्र आणि यंत्रामागचा मनुष्य, दोन्ही तिच्या घरचेच होते.

तेव्हा पहिला नियम हा, की कॅमेरा घरात रुळू द्यावा. आईला उभे करू नये. ती मुलीची वेणी घालीत असेल, भात कालवून भरवीत असेल, निसटू पाहणाऱ्या बाळाला पुसत असेल, तेव्हा आपण जवळ बसावे. जमिनीवरच बसावे, म्हणजे मुलाचे डोळे आपल्या डोळ्यांच्या पातळीवर येतात. चेहऱ्यांइतकेच हातांकडे लक्ष द्यावे. माया पुष्कळदा हातांतच दिसते.

दुसरी गोष्ट उजेडाची. त्र्यंबकचा पावसाळा दांडगा. ढग ब्रह्मगिरीवर उतरले की माजघरात दिवसाही अंधारते. अशा वेळी दिव्याचा लखलखाट डोळ्यांवर मारू नये. ओसरीवर किंवा खिडकीलगत ढगांतून गाळून येणारा उजेड फार मऊ असतो. तो एका बाजूने चेहऱ्यावर पडावा. खिडकी पाठीमागे आली तर चेहरे काळवंडतात. रांगते मूल अस्पष्ट येऊ नये म्हणून सेकंदाच्या सव्वाशेव्या भागाहून अधिक वेळ देऊ नये. धावत्याला पाचशेवा भागही पुरे. उजेड तेवढा नसेल, तर बाळ आईच्या खांद्यावर पेंगेपर्यंत थांबावे. खोली आवरण्याचा हव्यास धरू नये. कोपऱ्यातला पाट आणि दोरीवरचे दुपटे हीच पुढे त्या दिवसांची साक्ष देतील. मात्र आई 'आत्ता नको' म्हणाली, तर यंत्र निमूटपणे खाली ठेवावे.

शेवटी एक विनंती. फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) मध्ये त्यांचा मुलगा भालचंद्र रोहिदास झाला. पत्नी सरस्वतीबाई मात्र फिल्मला भोके पाडण्यापासून सर्व मंडळींच्या जेवणापर्यंत पडद्यामागे राबत होत्या. आजच्या घरातही मुलांची चित्रे बहुधा आईच काढते, आणि म्हणून संग्रहात तीच सापडत नाही. कापडाखाली झाकलेली ती आई आणि ही आई, यांत अंतर ते किती? आज घरी कोणीतरी तिच्या हातून कॅमेरा घ्यावा, आणि तिला तिचे काम करू द्यावे. मूल मोठे झाल्यावर त्या चित्रात आधी आईलाच शोधील.