जुना एसी बदलताय? पाइपही बघा

जुईनगरच्या खारट, दमट हवेत आमच्या जुन्या एसीचं आउटडोअर युनिट गंजलं. कॉइलच्या पत्र्या बोट लावताच पावडर होऊन झडायला लागल्या, म्हणून नवा घेतला.

जुन्यात आर-२२ गॅस होता. तो ओझोनला मारक, म्हणून माँट्रियल करारानुसार २०३० पर्यंत भारतातून हद्दपार होतोय. नव्यात आर-३२. त्याचा दाब जुन्याच्या साधारण दीडपट, त्यामुळे जुन्या तांब्याच्या पाइपांचा मोह टाळा. आम्ही नवेच टाकले.

आणि मेकॅनिकला व्हॅक्यूम पंप लावायलाच सांगा! नुसता गॅस सोडून हवा काढली, तर ओल आत राहते आणि पुढे कॉम्प्रेसरला भोवते. काटा उणे दाबावर स्थिर राहिलेला स्वतः बघा, मगच गॅस सोडू द्या.